ताडपत्री आधी कडेला फाटते

बांधकाम उघडं पडलेलं असताना आभाळ भरून आलं की ताडपत्रीची आठवण होते, आणि मग ती रंग आणि लांबी-रुंदी पाहून घाईत उचलली जाते. आम्ही ताडपत्री शोधायला लागतो तेव्हा नव्या मालाकडे जाण्याआधी मागच्या कामांवरून उतरवलेल्या ताडपत्र्या जमिनीवर पसरून बघतो. कुठे फाटल्या आणि कशाने फाटल्या हे त्यांच्याच अंगावर दिसतं. मधोमध कापडच फाटून ताडपत्री वाया गेली, असं क्वचित आढळतं. आयलेट, म्हणजे दोरी ओवायचं कडेचं धातूचं कडं, उपटून दुमडीला तोंड पडलेलं असतं. बांबूच्या टोकावर किंवा पत्र्याच्या कडेवर घासून लांबट चीर गेलेली असते. एकाच घडीवर पुन्हा पुन्हा दुमडल्याने पांढरी रेघ उमटून तिथून पाणी झिरपत असतं. पाणी साचून झोळ पडला त्या जागी कापड ताणून पातळ झालेलं असतं. आणि उन्हाच्या अंगाचा थर भुकटी होऊन हाताला लागत असतो.

या पाच दुखण्यांपैकी उन्हाचं दुखणं तेवढं निव्वळ मालाच्या दर्जावर अवलंबून असतं. बाकीची चार बांधणीत आणि हाताळणीत असतात. म्हणून ‘टिकाऊ ताडपत्री’ ही फक्त विकत मिळणारी वस्तू नाही असं आमचं मत झालं आहे. चांगला माल वाईट बांधला तर पहिल्या वादळातच त्याच्या चिंध्या होतात, आणि मध्यम माल नीट ताणून बांधला तर तो काम संपेपर्यंत पुरतो.

घेण्याआधी तीन गोष्टी ठरवतो. किती दिवस टांगून राहायची आहे, दिवसाचं किती ऊन अंगावर घेणार आहे, आणि रोज किती वेळा उघडझाक होणार आहे. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. ज्या जागी सकाळी काढून संध्याकाळी घालायची असते तिथे तीस किलोची ताडपत्री कोणी रोज ओढत नाही. दोन दिवस ओढली जाते, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात गुंडाळून पडते, आणि पाऊस नेमका त्याच रात्री येतो. रोजच्या उघडझाकीसाठी हलका माल दोन तुकड्यांत घेतलेला बरा. महिनोन्‌महिने न हलवता ठेवायची असेल तर मात्र जड माल घ्यावा.

मालाचे प्रकार ढोबळमानाने चार. सगळ्यात जास्त दिसते ती विणीची पॉलिथिन ताडपत्री. एचडीपीईच्या, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या, अरुंद पट्ट्या विणून कापड करतात आणि त्याच्या दोन्ही अंगांना एलडीपीईचा, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनचा, पातळ थर चढवतात. ताकद विणीची असते, पाणी अडवतो तो थर. ही विभागणी लक्षात घेतली की ताडपत्री दिसायला धड असताना गळायला का लागते ते कळतं. वीण शाबूत असते, थर झिजलेला असतो. दुसरी क्रॉस लॅमिनेटेड. हिच्यात वीण नसते. ताणून एका दिशेने बळ आणलेल्या फिल्म एकमेकींवर तिरक्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे वजनाच्या मानाने ती मजबूत असते. तिसरी पीव्हीसीचा लेप दिलेली पॉलिएस्टर, ट्रकच्या मालावर असते ती. ही जड असते, पण तिचे जोड उष्णतेने सांधता येतात, म्हणजे शिवणीची भोकं राहत नाहीत. चौथी मेणाचा लेप दिलेली जाड सुती कॅनव्हास. ओली झाली की तिचे धागे फुगून वीण मिटते आणि हवाही खेळती राहते, पण पाण्याने तिचं वजन फार वाढतं आणि ओली गुंडाळली की बुरशी धरते. ओल्या कॅनव्हासला आतून डोकं किंवा सामान टेकलं की तिथून पाणी ठिबकायला लागतं.

बांधकामावर तात्पुरतं छत म्हणून आम्ही विणीची पॉलिथिन किंवा पीव्हीसी घेतो. कॅनव्हास फक्त वेल्डिंग किंवा कटिंगच्या ठिणग्या उडतात त्या बाजूला. तीही न जळणारी नसते, पण पॉलिथिनसारखी वितळून टपकत नाही. पीव्हीसीबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. ती थर्मोकोलच्या पाट्यांवर किंवा डांबरी थरावर थेट पसरून ठेवू नये. पीव्हीसी मऊ राहावी म्हणून तिच्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते त्या वस्तूंत उतरतं. थर्मोकोल खाल्ल्यासारखा होतो आणि ताडपत्री कडक पडते.

आता आकड्यांकडे येऊ, कारण फसगत इथेच होते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मायक्रॉन म्हणजे जाडी, मिलिमीटरचा हजारावा भाग. पॉलिथिनची सलग फिल्म १०० मायक्रॉन असेल तर तिचं वजन ९२ ते ९५ जीएसएमच्या आसपास भरतं. म्हणजे लेबलवरचं ‘२५०’ मायक्रॉनमध्ये असेल तर जीएसएममध्ये ते २३० ते २३८ होतं. विणीच्या मालात तर पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे जाडी जास्त लागते आणि मध्ये कमी, म्हणून मायक्रॉनचा आकडा तिथे फारसा भरवशाचा नाही. आम्ही जीएसएमच विचारतो आणि वजन करून पाहतो.

वजन करायला अवघड काही नाही. नमुन्याचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ठेवायचा आणि आलेल्या आकड्याला १०० ने गुणायचं. २.० ग्रॅम म्हणजे २०० जीएसएम. तुकडा कापू देत नसतील तर अख्खी ताडपत्री तोलायची. लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये, गुणिले जीएसएम, भागिले १०००, की किलो येतात. १८ बाय २४ फुटी ताडपत्री म्हणजे ४० चौरस मीटर. ती २०० जीएसएमची असेल तर ८ किलो भरायला हवी. दुमड, कडेची दोरी आणि आयलेट धरून थोडी जास्तच. साडेसहा किलो भरली तर एक तर कापड पातळ आहे किंवा माप कमी आहे, आणि दोन्हीही असू शकतं.

मापातही मेख आहे. ‘कट साइज’ म्हणजे कडा दुमडण्याआधीचं कापड, ‘फिनिश साइज’ म्हणजे तयार ताडपत्री. चारी बाजूंच्या दुमडीत काही सेंटिमीटर जातात. ऑर्डर देताना तयार माप हवं असं स्पष्ट सांगावं आणि ताब्यात घेताना टेपने दोन्ही बाजू मोजून घ्याव्यात.

किती जीएसएम घ्यावी? १०० च्या आसपासची ताडपत्री विटांचा किंवा वाळूचा ढीग आठवडाभर झाकायला ठीक. अंगावर छत म्हणून बांधायची असेल तर आम्ही २०० च्या खाली जात नाही. वारा थेट लागतो अशा उंच किंवा मोकळ्या जागी २५० ते ३००, आणि सहा महिन्यांपुढचं काम असेल तर ६०० च्या आसपासची पीव्हीसी. रंगावरून जाडी ओळखू नका. निळी म्हणजे हलकी आणि काळी म्हणजे जड असा काही नियम नाही. काळ्या रंगाचा एक फायदा मात्र खरा आहे. तो रंग कार्बन ब्लॅकने आलेला असतो आणि कार्बन ब्लॅक अतिनील किरण शोषून पॉलिथिनचं रक्षण करतो. इतर रंगांत त्यासाठी वेगळं यूव्ही स्टॅबिलायझर घालावं लागतं, आणि ते घातलं आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच, की यूव्हीची हमी किती महिन्यांची आहे आणि ती लेखी आहे का. काळ्या छताखाली दिवसाही दिवा लावावा लागतो आणि उकडतं, हे त्याच्या उलट बाजूला धरा. पांढरटातून उजेड चांगला येतो. निळ्याखाली टाइलची किंवा रंगाची शेड ठरवायला मात्र जाऊ नका, बाहेर आल्यावर ती वेगळीच दिसते.

हातात घेतल्यावर पाच मिनिटांत होणाऱ्या परीक्षा अशा. उन्हाकडे धरून आरपार पाहावं, टाचणीएवढे ठिपके चमकले तर थर भरून आलेला नाही. कापलेल्या कडेशी नखाने थर खरवडावा. तो पापुद्र्यासारखा सुटत असेल तर माल परत करावा. एक कोपरा करकचून दुमडून घडीवर अंगठा दहा-बारा वेळा घासावा, मग त्या जागेचा खोलगट वाडगा करून त्यात पाणी ओतावं आणि खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून तासाभराने पाहावं. नमुन्याच्या तुकड्याला ब्लेडने लहान चीर देऊन ती हाताने पुढे फाडून पाहावी. चांगल्या विणीत चीर दोन-चार पट्ट्यांवर अडते, हलक्यात सरळ धावत जाते. पुनर्वापराच्या प्लास्टिकचा भरणा जास्त असेल तर वास उग्र येतो, रंग मळकट दिसतो आणि अंगात बारीक कण लागतात.

आणि मग आयलेट. ताडपत्री घेताना आमचा निम्मा वेळ कडा पाहण्यात जातो. दुमड दुहेरी आहे का, तिच्यात दोरी घातलेली आहे का, आयलेट त्या दोरीच्या आतल्या अंगाला आहे का. दोरीच्या आत असेल तर ओढ दोरीवर जाते, बाहेर असेल तर नुसत्या कापडावर. कोपऱ्यांना जादा तुकडा लावून जाडी वाढवलेली हवी. आयलेट पितळेचं किंवा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचं चांगलं. पातळ ॲल्युमिनियमचं असेल तर ओढीने तोंड वासतं. अंतर अर्धा मीटर हवं, एक मीटरवर असतील तर निम्मा माल घेतल्यासारखं आहे. एका आयलेटात हूक अडकवून वीस-पंचवीस किलोचं वजन टांगून पाहावं. भोक लांबट झालं तर पुढचं बोलणंच नको.

एवढा काटेकोरपणा का, ते वाऱ्याच्या हिशेबातून कळतं. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात धरून त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावं, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये येतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर, दाब ६० न्यूटन, म्हणजे सुमारे ६ किलो. वेग दुप्पट झाला, ताशी ७२, की दाब चौपट होऊन २४ ते २५ किलोवर जातो. ४० चौरस मीटरच्या ताडपत्रीने पूर्ण अंगाने तो झेलला तर एक टनाची ओढ झाली. कडेची लांबी २५ ते २६ मीटर, आयलेट मीटरमीटरवर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० किलो. अर्ध्या मीटरवर असतील तर २०. प्रत्यक्षात वाटणी कधीच सारखी होत नाही. वाऱ्याकडच्या कोपऱ्यातली दोन-तीन आयलेट सगळा भार घेतात, ती उपटली की भार पुढच्यांवर जातो, आणि बघता बघता उसवल्यासारखी अख्खी बाजू सुटते.

माप काढताना फक्त खोलीची लांबी-रुंदी धरली की ताडपत्री हमखास तोकडी पडते. उतार, वळचण आणि पकड, तिन्ही धरावी लागतात. समजा जागा ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे, मध्ये आढं घालून दोन्हीकडे पाखी काढायची आहेत आणि आढं कडेपेक्षा १ मीटर उंच आहे. अर्धी रुंदी २ मीटर. तिचा वर्ग ४, उंचीचा वर्ग १, बेरीज ५, तिचं वर्गमूळ २.२४. दोन पाखी मिळून ४.४८ मीटर. दोन्हीकडे भिंतीबाहेर अर्धा अर्धा मीटर वळचण, म्हणजे ५.४८. पट्टीभोवती गुंडाळायला दोन्हीकडे ३० सेंटिमीटर, म्हणजे ६.०८. लांबीत ५ अधिक वळचणीचा १ अधिक पकडीचे ०.६, म्हणजे ६.६. चार बाय पाचच्या खोलीला साडेसहा बाय सात मीटरची ताडपत्री लागली ती अशी. २०० जीएसएममध्ये तिचं वजन ९ किलो, ६५० च्या पीव्हीसीत जवळजवळ ३० किलो. शिडीवरून ३० किलो एकट्याने चढवायचे नसतात.

वरच्या उदाहरणात उतार दोनाला एक आहे. चाराला एक यापेक्षा कमी उतार आम्ही ठेवत नाही. त्याखाली कापड जरा जरी सैल पडलं की पाणी थांबतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे १ किलो. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सरासरी दहा सेंटिमीटर खोल असा झोळ भरला तर ४०० किलो पाणी झालं. ते पाणी कापडाला आणखी खाली ओढतं, झोळ मोठा होतो, आणखी पाणी येतं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. रात्रीतून आढ्याचा बांबू मोडतो तो यामुळे. खालून काठीने ढोसून पाणी उडवणं हा उपाय दिसतो सोपा, पण भोकं पडतात ती त्यातूनच. झोळ पडू नये म्हणून आढ्यापासून वळचणीपर्यंत ताडपत्रीच्या खालून दर ६० ते ७५ सेंटिमीटरवर दोऱ्या ताणून घेतो, कापड त्यांच्यावर टेकतं.

ताडपत्री चढवण्याआधी तिच्या वाटेत येणारं प्रत्येक टोक हाताने चाचपतो. बांबूच्या कापलेल्या तोंडाला चिंध्या किंवा पोत्याचा तुकडा बांधायचा. पत्र्याच्या कडेवर उभा चिरलेला जुना पाइप बसवायचा. कॉलमच्या वर आलेल्या सळयांवर टोप्या घालायच्या. सळईच्या टोकावर टेकलेलं कापड पाच मिनिटांच्या फडफडीत आरपार जातं. आढ्यासाठी चौकोनी लाकडापेक्षा गोल बांबू किंवा पाइप बरा, आणि बांबूची पेरं तासून गुळगुळीत केलेली हवीत.

बांधताना वाऱ्याकडच्या बाजूला आम्ही आयलेटांवर विसंबतच नाही. ५ बाय २.५ सेंटिमीटरची लाकडी पट्टी घेऊन ताडपत्रीची कड तिच्याभोवती दोन-तीन वेढे गुंडाळायची आणि पट्टी स्क्रूने चौकटीला आवळायची. सगळ्या लांबीचं कापड भार घेतं, एकेका भोकावर येत नाही. वेढे असे घ्यावेत की पट्टी खालच्या अंगाला जाईल. नाहीतर वरून येणारं पाणी त्या वळीत साचतं. ताडपत्रीच्या सपाट भागात वरून खिळा मारणं म्हणजे स्वतःच्या हाताने गळती लावून घेणं. खिळा गंजतो, कापड हलतं, आणि भोक रुपयाएवढं होतं.

उरलेल्या बाजूंना दोरी. दोरीचीही निवड असते. काथ्या आणि सुती दोरी ओली झाली की आखडते आणि आयलेटं ओढून काढते. नायलॉन उलट, ओलं झाल्यावर ताणतं आणि ताडपत्री सैल पडते. पॉलिप्रॉपिलिनची दोरी उन्हात ठिसूळ होते, कधीकधी ताडपत्रीच्याही आधी. पॉलिएस्टरची सगळ्यांत समजूतदार. दोरी आणि आयलेट यांच्यामध्ये रबरी बंजी किंवा जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी घातली तर झटका ती खाते. एकच लांब दोरी सगळ्या आयलेटांतून ओवली तर ओढ सारखी वाटली जाते, पण ती एका जागी तुटली की अख्खी बाजू सुटते. म्हणून कोपरे स्वतंत्र बांधतो आणि मधली आयलेट चार-चार, पाच-पाचच्या गटात ओवतो. खुंटीकडच्या टोकाला सुरगाठ मारावी. पावसात रात्री दोरी आवळायची वेळ येते तेव्हा निरगाठ सुटत नाही.

आयलेट नसलेल्या जागी दोरी बांधायची झाली तर भोक पाडू नका. सुपारीएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीच्या खालून धरा, वरून कापडाने त्याची गुंडी करा आणि मानेशी दोरी आवळा. तुटलेल्या आयलेटाचंही काम यावर भागतं, आणि कित्येकदा आयलेटापेक्षा ते जास्त टिकतं.

कडेवर सुट्या विटा ठेवायची सवय सोडावी. वीट घासून कापड खाते, आणि वाऱ्याने कड उचलली की वीट खाली कोणाच्या तरी डोक्यावर जाते. जमिनीवरच्या कडेला वाळूने अर्धी भरलेली पोती, एकमेकांना दोरीने बांधून. उंचीवर नुसतं वजन कधीच नको.

दोन ताडपत्र्यांचा जोड पडत असेल तर वरच्या पाख्याची खालच्यावर यायला हवी, किमान ३० सेंटिमीटर, उतार कमी असेल तर ६०. बाजूच्या जोडाचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवावं. दोन्ही कडा एकत्र पट्टीभोवती गुंडाळून आवळल्या तर आणखी चांगलं. पागोळ्या कुठे पडणार तेही पाहून घ्यावं. वीस चौरस मीटर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर, आणि तेवढं पाणी पायाच्या चराशी ओतलं तर वर कोरडं आणि खाली चिखल. अर्धा चिरलेला पाइप वळचणीखाली पन्हळीसारखा बांधला तरी भागतं.

बांधून झाल्यावर हाताने थाप मारून पाहतो. ढोलकीसारखा आवाज यायला हवा. नवी ताडपत्री पहिल्या दिवशी उन्हात सैल पडतेच, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या दोऱ्या पुन्हा आवळतो. त्यानंतर कान उघडे ठेवायचे. वारा सुटला की फडफड कुठून ऐकू येते ती जागा शोधायची. फडफडणारं कापड दर हेलकाव्याला त्याच रेषेत मोडतं आणि तिथला थर तडकतो. ताणलेली ताडपत्री वारा सोसते, सैल ताडपत्री स्वतःला झोडपून घेते. चढण्या-उतरण्याबद्दल एकच सांगतो. पसरलेल्या ताडपत्रीवर पाय ठेवू नये. ओलं पॉलिथिन निसरडं असतंच, शिवाय खाली स्लॅबला सोडलेलं भोक आहे की नाही ते वरून कळत नाही. आणि वारा सुटल्यावर ती लावायला वर जाऊ नये.

परांचीला बाहेरून ताडपत्री गुंडाळायची असेल तर गोष्ट निराळी. उघड्या परांचीतून वारा निघून जातो, गुंडाळलेली परांची शीड होते. वरचाच दाबाचा हिशेब तिथे लावून पाहिला तर भिंतीला घेतलेले नेहमीचे आधार पुरत नाहीत हे दिसतं. परांची उभारणाऱ्याला आधी विचारल्याशिवाय, आणि जादा आधार घेतल्याशिवाय ते करू नये.

छताखेरीज ताडपत्री आणखी तीन ठिकाणी लागते आणि तिन्ही ठिकाणी चुका वेगळ्या. नुकत्या बांधलेल्या भिंतीचा माथा रात्री उघडा राहिला तर पाणी वरून विटांच्या सांध्यांत उतरतं, मसाला धुपतो आणि पुढे पांढरे डाग फुटतात. माथा झाकून दोन्ही अंगांना किमान ६० सेंटिमीटर कापड खाली सोडावं आणि टोकांना वजन बांधावं. सिमेंटची पोती वरून कितीही झाकली तरी जमिनीची ओल खालून चढते. आधी जमिनीवर प्लास्टिक, त्यावर १५ ते २० सेंटिमीटर उंच फळ्या, मग पोती, भिंतीपासून लांब, आणि वरची ताडपत्री पोत्यांना घट्ट न चिकटवता. ती चिकटली तर रात्री गार पडून आतल्या अंगाला घाम धरते आणि तोच पोत्यांवर टपकतो. ओल्या लाकडावरही ताडपत्री घट्ट बांधू नये, बाजूंनी हवा जायला हवी. तिसरी जागा ताज्या काँक्रीटची. ते आवळण्याआधी पाऊस आला तर कापड थेट अंगावर टाकू नका. सुरकुत्यांचे ठसे उमटतात. बांबूच्या चौकटीवर वर धरावं. साचलेलं पाणी थापीने पृष्ठभागात घोटणं तर त्याहून वाईट, वरचा थर कच्चा राहून पुढे भुकटी सुटते. पृष्ठभाग बोटाने दबेनासा झाला की मग क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलसर ठेवण्यासाठी, तीच ताडपत्री अंगालगत घालायला हरकत नाही, पण कडा दाबून, हवा न शिरेल अशी.

आगीबद्दल. पॉलिथिन साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसला वितळतं. हॅलोजनचा दिवा, जनरेटरचं धुराडं, गरम डांबराचं पिंप, यांतलं काही जवळ आलं की आधी भोक, आणि आत सामान असेल तर पुढचंही. आगरोधक प्रतीची ताडपत्री मिळते, आत वेल्डिंग होणार असेल तर तीच घ्यावी.

दुरुस्तीत बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण पॉलिथिनला साधा गोंद धरतच नाही. चीर पडली तर आधी तिच्या दोन्ही टोकांना लहान गोल भोक पाडावं, म्हणजे ती पुढे धावत नाही. जागा धुऊन, वाळवून, स्पिरिटने पुसावी. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, चौकोनी कोपरा आधी उचकटतो. ब्युटिल टेपचं, म्हणजे रबरी चिकटपट्टीचं, ठिगळ दोन्ही अंगांनी, चिरेच्या पुढे सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर जाईल असं लावावं. गरम हवेच्या गनने पॉलिथिनला पॉलिथिनचा तुकडा सांधता येतो, पण आच जरा जास्त झाली की भोक वाढतं. आधी रद्दी तुकड्यावर हात बसवून घ्यावा. पीव्हीसीला तिचा स्वतःचा चिकटद्रव किंवा गरम हवा, दोन्ही छान धरतात. हाताला भुकटी लागू लागलेल्या ताडपत्रीला ठिगळ लावत बसू नये. ठिगळ राहतं, कापड जातं.

उतरवताना आधी वाऱ्याच्या आडोशाची बाजू सोडावी, वाऱ्याकडची शेवटी. दोन्ही अंगं कोरडी करून, सिमेंटचा राप पाण्याने धुऊन, पाइपवर गुंडाळून ठेवावी. घडीच घालायची असेल तर दर वेळी वेगळ्या ठिकाणी. उंदीर पोचणार नाहीत आणि ऊन लागणार नाही अशी जागा. कोपऱ्यावर जाड मार्करने तयार माप, जीएसएम आणि कामाला लावल्याची तारीख लिहून ठेवतो, कारण सहा महिन्यांनी गुंडाळीकडे पाहून यातलं काहीच कळत नाही.

आणि कडा गेलेली ताडपत्री फेकत नाही. आयलेटांची रांग उसवलेली असली तरी मधलं कापड बहुधा धडधाकट निघतं. कडा कापून काढायच्या आणि उरलेल्याच्या दीड मीटर रुंदीच्या लांब पट्ट्या करायच्या. २३ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचा माथा, आणि दोन्हीकडे साठ-साठ सेंटिमीटर लोंबणारी बाजू, मिळून १४३ सेंटिमीटर होतात. टोकांना गोटे बांधून या पट्ट्या भिंतीवर टाकल्या की नव्या ताडपत्रीला कात्री लावावी लागत नाही.